खिडकीकडच्या दोन खुर्च्या

३ फेब्रुवारी, सोमवार

नको नको म्हणता आज गळ्यात लोढणं पडलंच. कुलगुरूंनी चहाला बोलावलं, बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि मी पहिलं बिस्किट बुडवतोय तोच सांगितलं, की मोठ्या बाई जूनमध्ये निवृत्त होताहेत, पदव्युत्तर विद्यालयासाठी नवा प्रमुख शोधायचा आहे आणि शोध समितीचा अध्यक्ष मी. बिस्किट कपात पडलं. मी नद्या शिकवतो. गाळ, वाळू, वळणं हा माझा प्रांत. माणूस निवडण्याचा अनुभव म्हणाल तर एक लग्न, आणि तिथेही निवड समोरूनच झाली होती.

मोठ्या बाई रसायनशास्त्राच्या. एका पदवीनं ज्यांचं भागलं नाही आणि जे आणखी शिकायला परत आले, ते सगळे विद्यार्थी त्यांच्या पंखाखाली. त्यांचे प्रबंध, त्यांचे रुसलेले मार्गदर्शक, त्यांची रडारड, सगळं बाईंनी इतकी वर्षं निस्तरलं की नव्या मुलांना वाटतं, बाई इमारतीबरोबरच बांधून आल्या असाव्यात.

मी ‘हो’ का म्हणालो ते इथेच लिहून ठेवतो. बाहेर बोललो तर लोक हसतील. माझी लेक ठकू पीएच.डी.च्या पाचव्या वर्षात आहे. विषय नदीतलं शेवाळ. पुढच्या वर्षी पदवीदान समारंभात ती त्या लाकडी पायऱ्या चढून मंचावर जाईल आणि विद्यालयाचा प्रमुख तिचं पूर्ण नाव पुकारेल. हे दृश्य मला जागेपणी दिसतं. बैठकीत दिसतं, दात घासताना दिसतं. सभागृह निळसर असतं, लोक हळूहळू हलत असतात, ठकूच्या झग्याचा घोळ पायरीवर घासतो, आणि मग नाव. फक्त नाव पुकारणाऱ्याचा चेहरा कधी दिसत नाही. आता तो मला निवडायचा आहे. चेहरा राहू दे, आवाज तरी.

बायको दातांची डॉक्टर. ती ऐकून म्हणाली, “तुम्ही माणूस शोधणार? अहो, चष्मा डोक्यावर असतो आणि तुम्ही घर पालथं घालता.”

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज विशेष काही नाही. ठकू सकाळी उजाडायच्या आत प्रयोगशाळेत गेली आणि आम्ही चहाला बसलो तेव्हा परतही आली. केस ओले होते. म्हटलं, एवढ्या घाईत न्हायलीस? म्हणाली, “हो.” डोळे लाल आहेत पोरीचे. वाचून वाचून दुसरं काय होणार? अंगाला हल्ली तिखट, धुतल्यासारखा वास येतो. पाण्याच्या नमुन्यांत कसली कसली औषधं घालत असेल.

एक मात्र आहे, भूक चांगली लागते तिला. खांदेही भरलेत. संशोधनात एवढी अंगमेहनत असते हे माझ्या काळी कुणी सांगितलं नाही.

जेवताना तिला पुन्हा सभागृहाचं सांगितलं. यावेळी मंचावर फुलांच्या कुंड्याही होत्या. ती ऐकत राहिली. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायली. हळवी आहे, माझ्यावर गेली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

समितीची पहिली बैठक. आम्ही तिघं. मी, कायद्याच्या बाई आणि माझे जुने मित्र गणिताचे सर, ज्यांचं माझ्याशी एकाही विषयावर पटत नाही आणि जे रोज माझ्याच डब्यातलं खातात. अर्ज चाळले. तिघांना बोलवायचं ठरलं.

बैठकीनंतर मोठ्या बाईंकडे गेलो. गुडघे दुखतात म्हणून पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. त्यांनी एक प्रथा समजावली. ती समितीनं पाळायचीच, असं बजावलं. प्रत्येक उमेदवारानं एक तास विद्यार्थ्यांबरोबर घालवायचा, वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत, दार बंद करून. हवं त्या विद्यार्थ्यानं यावं, हवं तेव्हा उठून जावं. आत काय बोलणं झालं ते समितीनं कुणालाही, कधीही विचारायचं नाही.

“मग आम्हाला कळणार कसं?” मी विचारलं.

“तास संपला की आत जा आणि खुर्च्या बघा.”

“खुर्च्या?”

“सकाळी सगळ्या रांगेत लावलेल्या असतात. नंतर कशा आहेत ते बघायचं. मला याच प्रथेनं निवडलं होतं. माझ्या वेळी एक खुर्ची मोडली होती म्हणे.”

मला प्रथा फारच आवडली. पूर येऊन जातो, माणूस नंतर काठावर जातो आणि नुसता गाळ बघून सांगतो की पाणी कुठून आलं, किती जोरात होतं, कुठं थबकलं. उभा जन्म मी हेच केलं आहे. बाईंना तसं म्हणालोही. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

“गाळ वाचता हे चांगलंच. पण तुमची नदी तुमच्या ओळखीची नसते. इथं जपून.”

घरी येताना ठकूचे मार्गदर्शक जिन्यात भेटले. घसा खाकरून म्हणाले, “ठकू बरी आहे ना?” म्हटलं, झकास आहे, पहाटे उठून कामाला लागते. ते बराच वेळ कठडा धरून उभे राहिले आणि मग म्हणाले, “असं? छान.” शेवाळवाले लोक थोडे मंदच असतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पहिले उमेदवार येऊन गेले. सोबत स्वतःचा पडदा आणला होता, म्हणून आमच्यात त्यांचं नाव पडदेवाले. विद्यालय पाच वर्षांत कुठं असेल याचा बाण पडद्यावर वर वर जात होता. मी त्या बाणाकडे बघता बघता कुठंतरी निघून गेलो. एक संथ नदी होती, तिच्यावरून कुणीतरी पोहत चाललं होतं, पाठीवर, आवाज न करता. गणिताच्या सरांनी टेबलाखालून पाय मारला तेव्हा परत आलो.

तासानंतर लांब खोलीत गेलो. खुर्च्या सकाळच्या होत्या तशाच. एक तर भिंतीला टेकवून उलटी ठेवली होती, तीही तशीच. कायद्याच्या बाई म्हणाल्या, “पुरावा पुरेसा आहे.” बिचारे पडदेवाले पडदा गुंडाळून गेले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सापडला! आवाज सापडला!

दुसरे उमेदवार. उंच, पांढरे केस, आणि आवाज असा की नुसतं ‘नमस्कार’ म्हणाले तरी खोलीत कुणीतरी शाल पांघरल्यासारखं वाटतं. म्हणाले, “आपल्याकडे आलेला एकही विद्यार्थी पदवीवाचून परत जाणार नाही, ही माझी जबाबदारी.” मी डोळे मिटले. सभागृह, पायऱ्या, झगा, सगळं होतं, आणि त्या आवाजात ठकूचं नाव सोन्याच्या मुलाम्यासारखं चकचकत होतं.

खुर्च्याही सुंदर. सगळ्या मिळून एक नीट अर्धवर्तुळ, मधोमध त्यांची खुर्ची. मी म्हटलं, बघा, कशी ओढ लागली मुलांना!

गणिताचे सर एका खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, “इथून फक्त तो दिसतो. शेजारचा दिसत नाही.”

“शेजारच्याला बघायचंय कुणाला?”

“शेजारच्याला,” ते म्हणाले. कुसळं काढायची सवय जात नाही माणसाची.

घरी ठकूला सांगितलं की तुझं नाव पुकारणारा माणूस मिळाला. ती ताटाकडे बघत म्हणाली, “बाबा, अजून तिसरं कुणीतरी यायचंय ना?” म्हटलं, ते आपलं उपचारापुरतं.

तिच्या पिशवीतून आज एक शिट्टी खाली पडली, लाल दोरीची. नदीवर एकटीदुकटी नमुने गोळा करायला जाते, शिट्टी जवळ असलेली बरी. सावध पोर आहे.

५ मार्च, बुधवार

तिसऱ्या उमेदवार आल्या. आभाळ लख्ख असताना हातात छत्री. म्हणून छत्रीवाल्या बाई. सर्दी झालेली, आवाज बसलेला, घोगरा. बोलायच्या आधी थांबतात, इतकं की आपल्यालाच वाटतं, आपण काही चुकीचं विचारलं की काय. मनात म्हटलं, या आवाजात नाव पुकारलं तर मागच्या रांगेला वाटेल कुणी खोकलं.

दहा वाजता त्यांचा बंद दाराचा तास. तो संपला तरी दार उघडेना. आम्ही खाली थांबलो. बऱ्याच वेळानं त्या एकट्याच जिन्यानं खाली आल्या, उशीर झाल्याबद्दल माफी मागितली आणि नाक पुसलं.

आम्ही वर गेलो. खुर्च्या विस्कटलेल्या. दोनतीन इकडे घोळक्यात, चार तिकडे, काही रांगेतच. आणि अगदी टोकाला, खिडकीशी, दोन खुर्च्या शेजारी शेजारी, तोंड बाहेर. एकीच्या पाठीला छत्री अडकवलेली होती. ती त्यांची. दुसरीची पाठ वरच्या बाजूला ओली होती. मी छताकडे पाहिलं, वातानुकूलन यंत्राचं पाणी ठिबकत असावं. आज इमारतीच्या देखभालवाल्यांना सांगायला हवं.

मी वाचलं ते असं. सुरुवातीला सगळी मुलं आली, रमली नाहीत, एकेक उठून गेली. शेवटी कुणीतरी एकच भिडस्त पोर उरलं, आणि बोलण्यासारखं काही नसल्यामुळे दोघं खिडकीतून बाहेर बघत बसली. बाहेर आहे काय? सायकलींचं छप्पर आणि एक झाड. कायद्याच्या बाई ओल्या खुर्चीवर हात फिरवून पुसत राहिल्या.

दुपारी मुलाखत. मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. म्हटलं, “एक विद्यार्थिनी आहे. हुशार. पाचवं वर्ष. काठ जवळ आलाय, पण वेग मंदावलाय. तिला पैलतीराला कसं न्याल?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी विचारीन, तुला पलीकडे जायचंय का.”

“हा काय प्रश्न झाला? पाच वर्षं गेली तिची!”

“म्हणूनच विचारायला हवं. पाच वर्षांत कुणी विचारलेलं नसतं बहुतेक वेळा.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“तर दार उघडून देईन. आणि फाटकापर्यंत सोडायला जाईन. आपल्याकडे येणाऱ्यांचं स्वागत होतं, पदवी घेऊन जाणाऱ्यांना टाळ्या मिळतात. मधूनच जाणारी माणसं मागच्या जिन्यानं जातात, चोरासारखी. तसं एकटं कुणी जाऊ नये.”

मला रागच आला. आपण जहाजाचा कप्तान शोधतोय आणि ही बाई प्रवाशांना उतरवायच्या गोष्टी करते! राग आवरून विचारलं, तासाच्या शेवटी खिडकीशी कोण बसलं होतं?

“ते विचारायचं नाही असा तुमचाच नियम आहे ना?” त्या म्हणाल्या आणि प्रथमच हसल्या. ते हसू छद्मी नव्हतं, एवढं कबूल करतो. जरा वाईट वाटल्यासारखं होतं.

छत्री विसरून गेल्या. मी माझ्या खोलीत आणून ठेवली आहे.

९ मार्च, रविवार

पाठ धरली आहे. बायको म्हणते, पोहायला शिका, दुसरा उपाय नाही. “जन्म नदीत गेला आणि पाण्यात पाय घालायची भीती! लोकांना सांगायची सोय नाही.” खरंच आहे ते. मला पाणी काठावरूनच आवडतं.

मग म्हटलं, बायकोचंही मत घ्यावं. दोघांचं सगळं तिच्यापुढे मांडलं, आवाजवाल्यांचं आणि छत्रीवाल्यांचं. खिडकी, खुर्च्या, ओली पाठ, सगळं. ओल्या पाठीपाशी ती कापूस गुंडाळता गुंडाळता थांबली.

“आणि यावरून तुम्ही ठरवलं की त्या बाई नापास?”

“पुरावा आहे!”

ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्याचा दुखरा दात कोणता हे तिला कळलेलं असतं आणि पेशंटला नाही, तेव्हा बघते तशी. म्हणाली, “काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!”

मी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला. काखेत कळसा म्हणजे आपल्याच विद्यापीठातला माणूस. म्हणजे तिच्या मनात मीच आहे की काय? मी प्रमुख! मग नाव मीच पुकारीन. कल्पना वाईट नाही, पण बापानं लेकीचं नाव पुकारलं तर गळा दाटेल आणि समारंभाचा विचका होईल. तिला समजावून सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. ठकू मध्येच उठून आत गेली. तिच्या खोलीतून बराच वेळ आईचा आणि तिचा दबका आवाज येत होता. प्रबंधाबद्दलच असणार.

११ मार्च, मंगळवार

बैठक. कायद्याच्या बाई आवाजवाल्यांच्या बाजूनं, गणिताचे सर छत्रीवाल्यांच्या बाजूनं. म्हणजे घोडं माझ्यापाशी येऊन अडलं. मी खुर्च्यांचा पुरावा मांडला, चांगला मांडला. गणिताचे सर म्हणाले, “एक सांग. तो अर्धवर्तुळात बसला होता तेव्हा एक तरी पोर त्याच्याजवळ रडलं असेल?”

“रडावं कशाला?”

“तू विद्यार्थी होतास की नव्हतास?” मग डब्यातली शेवटची फोड उचलून म्हणाले, “आठवडाभर थांब. सही पुढच्या मंगळवारी कर. आवाज काही पळून जात नाही.”

मी थांबायला तयार झालो, त्यांच्यासाठी. माझं ठरलेलंच आहे.

मात्र दुपारी ते दृश्य आलं तेव्हा काहीतरी बिघडलं होतं. आवाजवाल्यांनी नाव पुकारलं. सुंदर पुकारलं. पायऱ्यांवर कुणी आलंच नाही. पुन्हा पुकारलं. लोक मागे वळून बघू लागले. सभागृहात घोट्याइतकं पाणी होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं. मला फार भीती वाटली. उठून तोंड धुतलं.

१५ मार्च, शनिवार

कसं लिहू, कुठून लिहू.

सकाळी बायकोनं हातात टॉवेल दिला आणि म्हणाली, “तलावावर जा. मोठ्यांची तुकडी असते, न पोहता येणाऱ्यांची. तुमचं नाव घातलंय. आणि हो, काही बोलायच्या आधी जरा बघा.” मी कुरकुरत गेलो. नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव, बंदिस्त, वर काचेचं छप्पर. आत पाऊल टाकलं आणि तो वास आला. तिखट, धुतल्यासारखा. माझ्या घरातला वास.

पाणी हिरवट निळं होतं आणि वरून सकाळचं ऊन त्यावर लोळत होतं. आवाज सगळे लांबून आल्यासारखे. पाण्यात कमरेइतकी उभी राहून एक मुलगी एका आजीबाईंच्या मानेखाली हात धरून होती. आजी पाठीवर आडव्या, डोळे घट्ट मिटलेले, आणि मुलगी अगदी हळू काहीतरी सांगत होती. मग तिनं हात काढून घेतला. आजी तरंगत राहिल्या. त्यांनी डोळे उघडले आणि लहान पोरासारख्या हसल्या. मुलगीही हसली. तिच्या गळ्यात लाल दोरीची शिट्टी होती. ही ठकू होती. असं हसताना मी तिला कधी पाहिलं होतं, ते आठवेना. फार जुनं असणार.

मी काचेच्या भिंतीशी ठेवलेल्या एका खुर्चीत बसलो. शेजारची खुर्ची ओली होती. पाठीचा वरचा भाग, ओले केस टेकतात तेवढाच. मी त्या डागाकडे बघत राहिलो आणि लांब खोलीतली खिडकीकडची ती दुसरी खुर्ची आठवली. वातानुकूलन यंत्र! गाळाचा थोर वाचक मी!

तुकडी सुटल्यावर ती आली आणि त्याच खुर्चीत बसली. दोघंही पाण्याकडे बघत होतो.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“शिकवायला लागून वर्ष होईल. शेवाळ त्याच्या आधीच सुटलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगायला तोंड उघडलं की तुम्ही सभागृह सुरू करायचात, बाबा.” “त्यात मी इतकी छान दिसायची. मला तिला मारून टाकणं जिवावर यायचं.”

मला रडू आलं. सरळ लिहितो, मी त्या खुर्चीत बसून रडलो. पाच वर्षं गेली म्हणून मी रडलो नाही. पोरगी माझ्या ताटासमोर रोज बसत होती आणि मी एका झगा घातलेल्या मुलीशी बोलत होतो, म्हणून रडलो. तिनं टॉवेल माझ्या हातात दिला. ओला होता, पण चालला.

“त्या दिवशी खिडकीशी तूच होतीस.”

“काही विचारायचं नाही असा नियम आहे.”

“बरं. नाही विचारत.”

मग ती उठली. “आलाच आहात तर उतरा. पुढच्या तुकडीला वेळ आहे.”

पाणी थंड होतं. तिनं माझ्या मानेखाली हात धरला. मला लहानपणी हिचं डोकं असंच धरलेलं आठवलं, न्हाऊ घालताना, बुडेल या भीतीनं माझेच हात थरथरायचे. तिचे थरथरत नव्हते.

“मान सोडा, बाबा.”

“सोडलीय.”

“नाही सोडलेली. सगळे असंच म्हणतात.”

पायांचं मला जमलं नाही, ते दगडासारखे खाली गेले. पण मध्ये एक क्षण छत, ऊन, तिचा उलटा चेहरा, सगळं शांत होतं, आणि मला कसलंही दृश्य दिसलं नाही. समोर होतं तेच दिसत होतं.

१८ मार्च, मंगळवार

समितीत सांगितलं, मी खुर्च्या चुकीच्या वाचल्या. दोनच खुर्च्या उरल्या याचा अर्थ कुणीतरी शेवटपर्यंत थांबलं. आणि तोंड बाहेर होतं, कारण काही गोष्टी समोरासमोर बसून बोलता येत नाहीत, शेजारी बसून येतात. एवढंच म्हणालो, घरचं काही काढलं नाही. कायद्याच्या बाईंनी विचारलं, मग ओल्या पाठीचं काय? म्हटलं, इमारतीत कुठेही गळत नाही, मी खात्री केली आहे.

गणिताच्या सरांनी टेबलाखालून पाय मारला, पण हळू. त्यांना किती ठाऊक होतं, मी विचारलं नाही.

छत्रीवाल्या बाईंची निवड झाली. आवाजवाल्यांना मी स्वतः फोन केला. त्यांनी इतक्या सुरेल आवाजात ‘काही हरकत नाही’ म्हटलं की क्षणभर पुन्हा मोह झाला.

७ जुलै, सोमवार

छत्रीवाल्या बाईंचा इथला पहिला आठवडा संपून दुसरा लागला. आज ठकू नाव काढून घ्यायला गेली. म्हणाली, बाबा, येऊ नका. मग म्हणाली, या, पण आत येऊ नका. मी बाहेरच्या बाकावर बसलो. दार बंद होतं. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

बसल्या बसल्या सभागृह आलं. सवयच ती. पण रिकामं होतं, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, कुणीतरी झाडून गेलेलं. मी बघितलं आणि जाऊ दिलं. दुखलं. दुखणारच, इतकी वर्षं सांभाळलेलं.

दार उघडलं. दोघी बाहेर आल्या. बाईंच्या हातात छत्री, मी परत केलेली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “फाटकापर्यंत जाते म्हणाले होते ना मुलाखतीत.” आवाज अजून घोगराच आहे. म्हणजे सर्दी नव्हती, आवाजच तसा आहे.

आम्ही मुख्य जिन्यानं उतरलो, मागच्या नव्हे. ठकू पुढे होती. मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, की माझ्या डोक्यात ती नेहमी पायऱ्या चढायची. उतरतानाही छान उतरते. हात न धरता, थोडी उड्या मारत, लहानपणी उतरायची तशी.

अंगणात ऊन होतं. बाईंनी छत्री तिच्या डोक्यावर धरली. फाटकाशी आल्यावर त्या थांबल्या, छत्री मिटली, तिच्यासमोर सरळ उभ्या राहिल्या आणि तिचं नाव घेतलं. पूर्ण. तिचं, माझं, आडनाव. सभागृहात घेतात तसं, मोठ्यानं. सायकलीचं कुलूप काढणारी दोन मुलं वळून बघायला लागली.

हे त्यांना कसं सुचलं कोण जाणे. मी त्यांना सभागृहाचं कधी बोललो नाही. ठकू त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मग बाईंनी तिचा हात हातात घेऊन म्हटलं, “ये अधूनमधून,” आणि त्या परत गेल्या. मला तिथं टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण एका माणसाच्या टाळ्या विचित्र वाटतात, म्हणून नुसता उभा राहिलो.

“चला बाबा,” ठकू म्हणाली, “संध्याकाळी तुमची तुकडी आहे. आज पाय बुडवू नका.”

टॉवेल घरी राहिला होता. तो घ्यायला आधी घरी गेलो.